हाडांच्या आधी पोचलेली पावलं: चतुष्पादांचे अश्मीभूत ठसे

मागकाढ्या (धागाकर्ता)

नैसर्गिक इतिहासाच्या कुठल्याही संग्रहालयात गर्दी असते ती सांगाड्याभोवती. बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेल्या, चार खळगे पडलेल्या दगडी लादीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण पाठीचा कणा आणि चार पाय असलेल्या प्राण्यांचा इतिहास वाचताना मला वारंवार असं दिसलंय की अभ्यासकांची झोप उडवली ती त्या लादीने. सांगाडे बिचारे मागाहून येतात. यावर इथे बोलू या.

हाड म्हणजे मेलेल्या प्राण्याचा अवशेष. प्रेत पुरात वाहून जाऊ शकतं, लाटांबरोबर भरकटू शकतं, त्यामुळे प्राणी राहिला एकीकडे आणि सापडला भलतीकडे, असं सर्रास होतं. ठशाचं तसं नाही. प्राणी जिवंत असताना, स्वतःच्या पायांनी, त्याच जागी चालला होता, एवढं पक्कं. उणी बाजूही तेवढीच ठळक आहे: ठसा कोणाचा, हे ठसा सांगत नाही. म्हणूनच ठशांना प्राण्यांपासून वेगळी, स्वतंत्र शास्त्रीय नावं देतात. एकाच प्राण्याचे ओल्या आणि कोरड्या मातीतले ठसे दोन नावांनी नोंदले गेलेत, असंही झालं आहे.

आता मुद्द्याचं उदाहरण. २०१० पर्यंत मासे पाण्याबाहेर आल्याची गोष्ट कशी छान जुळली होती. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर २००४ मध्ये टिक्टालिक नावाच्या माशाचा जीवाश्म सापडला, २००६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. माशाचे पर, पण आत मनगटासारखी रचना. खवले, पण मान मोकळी. त्यानंतर पूर्व ग्रीनलंडचे अकँथोस्टेगा आणि इक्थिओस्टेगा, सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीचे, पायांना बोटं असलेले. आधी मासा, मग अर्धामुर्धा, मग चतुष्पाद. क्रम एकदम चोख.

आणि जानेवारी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये पोलंडमधल्या झाखेउम्ये नावाच्या खाणीतले ठसे प्रसिद्ध झाले. ग्झेगोश न्येज्व्येत्स्की, पेर आलबर्ग आणि सहकारी. दगडाचं वय त्यांनी दिलं सुमारे ३९.५ कोटी वर्षं. वय ठरवलं ते त्याच थरांतल्या कोनोडाँट नावाच्या सूक्ष्म, दातांसारख्या जीवाश्मांवरून. काही ठसे रांगेत, डावा-उजवा, पुढचा-मागचा असे आळीपाळीने पडलेले. पोट किंवा शेपूट फरफटल्याची खूण नाही. काही सुटे ठसे, त्यातला सगळ्यात मोठा २६ सें.मी. रुंद. त्यावरून प्राणी अडीच मीटर लांब असावा असा अंदाज.

म्हणजे बोटं असलेल्या प्राण्यांच्या सर्वांत जुन्या हाडांपेक्षा (ही अकँथोस्टेगाच्याही आधीची) हे ठसे १.८ कोटी वर्षांनी जुने. टिक्टालिकच्या गोत्रातल्या सर्वांत जुन्या माशांपेक्षाही १ कोटी वर्षांनी जुने! नातवाच्या पावलांचे ठसे आजोबांच्या जन्माआधीचे निघाले. अर्थात टिक्टालिक खोटा ठरत नाही. तो थेट पूर्वज नव्हता, जुन्या घडणीचा पण उशिरापर्यंत टिकून राहिलेला भाऊबंद होता, एवढंच. पण वेळापत्रक मोडलं ते मोडलंच.

दुसरा धक्का जागेचा. तोवर बहुतेकांच्या मनात चित्र होतं गोड्या पाण्याच्या नदीकाठाचं, झाडाझुडपांत अडकलेल्या पाण्याचं. मूळ शोधनिबंधात झाखेउम्येचे थर समुद्राच्या भरती-ओहोटीच्या सपाट किनाऱ्याचे, खाजणाचे म्हणून मांडले होते. पुढे २०१५ मध्ये त्याच गटातल्या काही भूशास्त्रज्ञांनी ते वातावरण उथळ खाजण आणि अधूनमधून आटणाऱ्या डबक्यांचं होतं, असं सुधारून सांगितलं. तरीही जुन्या चित्रातली नदी काही परत आली नाही.

तुम्हाला काय वाटतं? ठशांवर एवढा भरवसा टाकावा का?

---

चौकस

छान विषय. पण माझी गाडी पहिल्याच स्टेशनावर अडली आहे. चिखलात पाय पडला, पुढची भरती आली की पुसला. कोट्यवधी वर्षं टिकायला त्यात आहे काय?

---

गाळोबा

चौकस, गाळाचे खडक हे माझं रोजचं काम असल्याने उत्तर देतो.

बहुतेक ठसे पुसलेच जातात. टिकतो तो अपवाद, आणि त्याला चार गोष्टी जमून याव्या लागतात. चिखल नेमका हवा: फार पातळ असेल तर खळगा लगेच भरून येतो, फार घट्ट असेल तर पाय उमटतच नाही. मग तो थोडा वाळायला, आवळायला वेळ मिळावा लागतो. अशा ठिकाणी पृष्ठभागावर शेवाळाची, जिवाणूंची पातळ चिवट साय धरते, ती ठशाला बांधून ठेवायला फार उपयोगी पडते. त्यानंतर वरून येणारा गाळ हळुवार यायला हवा आणि शक्यतो वेगळ्या पोताचा हवा, म्हणजे चिकणमातीवर वाळू, असं काहीतरी. पोत वेगळा असला की लाखो वर्षांनी दगड बरोबर त्याच पृष्ठभागावर उकलतो. दोन्ही थर एकाच पोताचे असले तर ठसा आत असूनही तुम्हाला कधी दिसणार नाही.

त्यात पुन्हा गंमत अशी की अनेकदा आपल्याला खळगा मिळतच नाही. मऊ चिखलाचा थर झिजून जातो आणि खळग्यात भरलेली वाळू दगड होऊन वरच्या लादीच्या पोटाला उंचवट्यासारखी राहते. मग लादी उलटी करून बघायची.

आणखी एक भानगड आहे, ती ठाऊक नसेल तर माणूस हमखास फसतो. पाय ज्या पृष्ठभागावर पडला, त्याच्या खालचे थरही दाबले जातात. वहीवर जोरात लिहिलं की खालच्या पानांवर वळ उमटतात, तसं. दगड नेमका त्या खालच्या थरावर उकलला तर दिसतो तो ठसा नव्हे, ठशाची सावली. बोटं पुसट, कडा पसरट, आकार बदललेला. तो मोजून कोणी 'या प्राण्याला तीनच बोटं होती' म्हणाला तर कोपरापासून नमस्कार.

ब्राउन विद्यापीठातल्या गेट्सी आणि त्यांचे सहकारी फॉल्किंगहॅम यांनी यावर झकास प्रयोग केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिनी फाउल नावाची कोंबडीसारखी पाखरं त्यांनी खसखशीच्या थरातून चालवली आणि क्ष-किरणांनी आत पाय कसा जातो, बोटं कशी मिटतात, बाहेर कशी निघतात ते टिपलं. खसखस अशासाठी की ती क्ष-किरणांना फार आडवी येत नाही. निष्कर्ष थोडक्यात असा: ठसा म्हणजे पायाचा साचा नाही. पाऊल, माती आणि हालचाल या तिघांचा मिळून झालेला तो परिणाम आहे.

---

ओली_माती

खसखशीचा प्रयोग भारी! वाचतेय.

---

तिरकस

सगळं ठीक, पण धागाकर्त्यांनी पोलंडच्या ठशांबद्दल सोयीचं तेवढंच सांगितलं. अमेरिकेचे स्पेन्सर लुकास यांनी २०१५ मध्ये डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) म्हणवल्या जाणाऱ्या ठशांचा आढावा घेतला आणि झाखेउम्येचे खळगे चतुष्पादांचे मानायला साफ नकार दिला. त्यांच्या मते ती माशांची चरण्याची ठिकाणं किंवा घरटी असू शकतात. आजही कित्येक मासे तळाच्या गाळात गोल खळगे करतात.

वरून २०११ चा फुप्फुसमाशांचा प्रयोग आहेच. आफ्रिकेतला प्रोटॉप्टेरस अ‍ॅनेक्टेन्स हा मासा टाकीत सोडला तर तो मागच्या काडीसारख्या परांवर तळाला अक्षरशः चालतो, पर आळीपाळीने टाकतो. बोटं नाहीत, पाय नाहीत, धड कंबर नाही, तरी चाल आहे. मग डावा-उजवा असे खळगे दिसले म्हणून लगेच 'चतुष्पाद' ओरडायचं कारण काय?

---

मागकाढ्या

तिरकस, आक्षेप रास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरट्यांचा मुद्दा. मासा खळगा करतो तेव्हा गाळ उडवतो, फुंकतो किंवा ओरबाडतो. पाय पडतो तेव्हा गाळ दाबला जातो आणि कडेला ढकलला जातो. ज्या बाजूला जोर दिला त्या बाजूला मातीची कड वर येते. झाखेउम्येच्या ठशांचं लेझरने मोजमाप केलंय आणि अशी ढकललेली कड त्यात दिसते, असं मूळ लेखकांचं म्हणणं. काही सुट्या ठशांत बोटांच्या खुणा आहेत. रांगेतल्या ठशांत मात्र बोटं स्पष्ट नाहीत, आणि तुमचा फुप्फुसमासा नेमका तिथेच बोचतो हे मान्य.

म्हणजे रांग आहे तिथे बोटं नीट दिसत नाहीत, बोटं दिसतात ते ठसे सुटे. एकाच रांगेत दोन्ही मिळालं असतं तर वाद कधीच मिटला असता. माझा कल मूळ लेखकांकडे आहे, कारण पुढच्या-मागच्या ठशांचं अंतर आणि रांगेची रुंदी खांदा-कंबर असलेल्या प्राण्याशी जुळते. परांवर चालणाऱ्या माशाची खूण अशी पडायला कठीण. पण कल म्हणजे निकाल नव्हे.

आणि झाखेउम्ये बाजूला ठेवलं तरी आयर्लंडचं व्हॅलेंशिया बेट उरतंच. १९९३ मध्ये इव्हान श्टोसेल या स्विस भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे किनाऱ्याच्या खडकावर एक लांबलचक माग दिसला, शेकड्याच्या वर ठसे एका ओळीत. नदीच्या गाळाचा थर, त्यातल्या ज्वालामुखीय राखेवरून वय सुमारे ३८.५ कोटी वर्षं. हाही सापडलेल्या चतुष्पाद हाडांपेक्षा जुना.

(अवांतर: याच बेटावरून १८६६ मध्ये अटलांटिकपार टिकाऊ तारसेवा सुरू झाली. म्हणजे किनाऱ्यावर अभियंत्यांची इतकी वर्दळ होऊन गेली, पण त्या खळग्यांकडे बघायला एक विद्यार्थीच यावा लागला.)

---

रानवेडा

मी पुराजीववाला नाही, पण जिवंत जनावरांचे माग काढण्यात बरीच वर्षं गेली आहेत. आमच्याकडे एकटा ठसा फारसा बोलत नाही, रांग बोलते. जनावर दमलेलं होतं की घाईत होतं, लंगडत होतं की पोटात पिल्लू होतं, हे दोन ठशांमधल्या अंतरावरून आणि कुठल्या कडेला माती जास्त दबली यावरून कळतं. दगडातल्या रांगेवरूनही असं काही काढता येतं का? की नुसती लांबी-रुंदी?

---

मागकाढ्या

रानवेडा, बरंच काढता येतं. सगळ्यात कामाची मोजमापं तीन आहेत.

एक, रांगेतला कोन. डावा-उजवा-डावा असे लागोपाठचे तीन ठसे रेषांनी जोडले की मधे कोन होतो. पाय धडाच्या बाजूला फाकवून चालणाऱ्याचा, म्हणजे सरडा किंवा सॅलॅमँडरसारख्याचा, तो ९०° च्या आसपास राहतो. पाय धडाखाली सरळ घेऊन चालणाऱ्याचे ठसे जवळजवळ एका रेषेत पडतात, कोन १६०° च्या पुढे जातो. एकही हाड न बघता प्राण्याची ठेवण कळते ती अशी.

दोन, धडाची लांबी. पुढच्या पायांच्या जोडीचा मध्य आणि मागच्या पायांच्या जोडीचा मध्य, यांतलं अंतर म्हणजे ढोबळमानाने खांद्यापासून कंबरेपर्यंतची लांबी. मात्र चाल कुठली होती ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर गणित बिघडतं.

तीन, वेग. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये सूत्र दिलं: एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर म्हणजे ढांग, आणि कंबरेची उंची, या दोन्हींवरून वेग. डायनोसॉरची कंबरेची उंची पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट धरतात. समजा पाऊल २५ सें.मी., म्हणजे कंबर १ मीटरवर, आणि ढांग २ मीटर, तर वेग निघतो सेकंदाला सुमारे अडीच मीटर, म्हणजे ताशी ९ किमी. पण हे सूत्र सरळ पायांच्या प्राण्यांसाठी. फाकलेल्या पायांच्या जुन्या चतुष्पादांना ते लावणं म्हणजे उगीच आकडे काढण्याची हौस.

कोनाच्या मोजमापावरून आलेला एक निष्कर्ष मला फार आवडतो. कुबो आणि बेंटन या दोघांनी २००९ मध्ये पर्मियन आणि ट्रायासिक काळातल्या साडेचारशेच्या आसपास रांगा मोजल्या. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या, या दोन काळांच्या सीमेवरच्या महाविनाशाआधी बहुतेक सगळे मध्यम-मोठे प्राणी पाय फाकवून चालणारे, आणि त्यानंतर लगेच सरळ पायांचे. हाडांवरून हा बदल हळूहळू, दोन-तीन कोटी वर्षांत झाला असावा असं वाटत होतं. पावलं म्हणाली, झटक्यात झाला.

---

जुनी_पानं

इतिहासातलं थोडं मी भर घालते, कारण या शास्त्राची सुरुवात फारच मजेशीर आहे.

स्कॉटलंडच्या डम्फ्रीसशायरमध्ये कॉर्नकॉकल म्युअर नावाची वालुकाश्माची खाण. तिथल्या लाद्यांवरच्या ठशांकडे रेव्हरंड हेन्री डंकन यांचं लक्ष गेलं. (हेच ते, ज्यांनी १८१० मध्ये रुथवेलला गरिबांसाठी बचत बँक काढली.) त्यांनी ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडना कळवलं. बकलंडना वाटलं ठसे कासवाचे असावेत. मग त्यांनी काय केलं, तर पिठाचा गोळा लाटून त्यावर खरीखुरी कासवं चालवली! पीठ सैल झालं तेव्हा कासवं रुतून बसली, मग नामवंत भूशास्त्रज्ञ बाह्या सरसावून, पिठाने माखून पुन्हा मळायला बसले. हे १८२८ च्या आसपासचं. जिवंत जनावर चालवून जुना ठसा ओळखण्याचा हा बहुधा पहिला प्रयोग. गाळोबांची खसखस त्याच घराण्यातली. ते ठसे कासवाचे नव्हते ही गोष्ट निराळी. ते निघाले पर्मियन काळातल्या, कासवांच्या कितीतरी आधीच्या प्राण्यांचे.

पण माझी लाडकी कथा जर्मनीतली. १८३४ मध्ये थुरिंजियातल्या हिल्डबुर्गहाउजेनजवळ लाद्यांच्या पोटाला मोठमोठे पंजे उठलेले सापडले. हुबेहूब माणसाचा हात. चार बोटं पुढे आणि बाजूला जाड, वळलेला अंगठा. पुढच्या वर्षी काउप यांनी त्याला कायरोथेरियम हे नाव दिलं. मग जो तो आपापलं जनावर पुढे करू लागला: अस्वल, माकड, कांगारूसारखा कुणी, प्रचंड बेडूक.

अडचण अशी की तो 'अंगठा' बाहेरच्या बाजूला होता. आपला अंगठा आतल्या बाजूला असतो. म्हणजे उजवा पाय डावीकडे आणि डावा उजवीकडे पडला असेल तरच हिशोब लागायचा. म्हणून भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांच्या पुस्तकात चक्क पायात पाय अडकवून चालणाऱ्या बेडूकसदृश प्राण्याचं चित्र छापलं गेलं! एका प्राण्याला इतकं त्रासदायक चालायला लावण्यापेक्षा ते बोट अंगठा नाहीच, बाहेरची करंगळी आहे, हे मानणं सोपं होतं. पण ते रुजायला वेळ लागला.

१९२५ मध्ये वोल्फगांग झोर्गेल यांनी सगळ्या रांगा बारकाईने मोजल्या. रांग अरुंद, म्हणजे पाय धडाखाली सरळ. पुढचा पंजा लहान, मागचा मोठा, म्हणजे वजन मागे, शेपूट भरभक्कम. जाड बोट म्हणजे पाचवं बोट. त्यांनी सांगितलं, हा मगरींच्या दूरच्या नात्यातला, सरळ पायांवर चालणारा सरीसृप असणार. आणि एकही हाड हातात नसताना प्राण्याचं चित्र मांडलं. १९६५ मध्ये बर्नार्ड क्रेब्स यांनी स्वित्झर्लंडच्या माँते सान जोर्जोमधल्या सांगाड्याचं वर्णन केलं, टिसिनोसुकस. त्याचा पाय त्या ठशात बसला. चाळीस वर्षं आधी, नुसत्या ठशांवरून!

---

तिरकस

झोर्गेलला सलाम. पण हे एक जमलं म्हणून आपण ते सांगतोय. नव्वद वर्षं जे बेडूक, अस्वलं, माकडं काढली गेली त्याचं काय? ठशांनीच तर त्यांना फसवलं.

---

जुनी_पानं

ठशांनी नाही हो, घाईने. बेडूकवाल्यांनी एकेक पंजा बघितला, झोर्गेलने रांगा मोजल्या. रानवेडांनी वर म्हटलंच आहे.

---

चौकस

हाडं आणि ठसे दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच प्राण्याचे, असं कधी सापडत नाही का? मग सगळी भांडणं संपतील.

---

गाळोबा

फार क्वचित, कारण ज्या गाळात ठसे छान टिकतात त्यात हाडं बहुधा टिकत नाहीत आणि उलट. पण एक नामी उदाहरण आहे. पुन्हा थुरिंजियाच, ब्रोमाकर नावाची खाण, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीची. तिथे ओरोबेटीस पाब्स्टी या प्राण्याचे उत्तम सांगाडे मिळाले आणि इक्निओथेरियम नावाचे ठसेही. २००७ मध्ये फोइग्ट, बर्मन आणि हेन्रिसी यांनी हाताची-पायाची हाडं ठशांशी ताडून दोघांची सोयरीक जुळवली.

मग २०१९ मध्ये बर्लिन आणि लोझानच्या संशोधकांनी त्याचा यंत्रमानवच बनवला. जॉन न्याकाटुरा यांचा गट. सांगाड्यावरून सांधे कुठपर्यंत वळू शकतात ते ठरवलं, संगणकात शेकडो प्रकारच्या चाली चालवून बघितल्या, आणि प्रत्येक चालीला चाळण्या लावल्या: हाडं एकमेकांवर आपटतात का, तोल जातो का, शक्ती किती खर्च होते, आणि शेवटची चाळणी, पाऊल मूळ ठशात पडतं का. उरल्या त्या चालींवरून दिसलं की ओरोबेटीस पोट घासत सरपटत नव्हता. अंग जमिनीपासून बऱ्यापैकी उचलून, कण्याला फार न वळवता, केमन या मगरीच्या जातभाईसारखा चालत असावा. इतक्या जुन्या प्राण्याकडून कोणाची तशी अपेक्षा नव्हती.

हाडं सांगतात काय काय शक्य होतं. ठसे सांगतात त्यातलं काय केलं.

---

ओली_माती

मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातली नखांच्या ठशांची बातमी आली होती. त्यावर कोणीतरी लिहा ना.

---

मागकाढ्या

लिहितोच, कारण धाग्याच्या शीर्षकाला इतकं चपखल दुसरं उदाहरण नाही.

व्हिक्टोरिया राज्यात मॅन्सफील्डच्या परिसरात स्नोई प्लेन्स नावाच्या थरातली ही वालुकाश्माची लादी. लांबी-रुंदीला फार नाही, एका माणसाने उचलावी एवढी. ती शोधली दोन हौशी मंडळींनी, मग जॉन लाँग, आलबर्ग आणि इतरांनी 'नेचर'मध्ये मांडली. वय ३५ ते ३६ कोटी वर्षं. पायांना लांबसडक बोटं आणि बोटांच्या टोकाला नखांचे ओरखडे.

नख एवढं महत्त्वाचं का? तर खरं नख ही सरीसृप, पक्षी, सस्तन या मंडळींची, म्हणजे जमिनीवर अंडं घालू शकणाऱ्या शाखेची, खास ओळख. या शाखेची तोवरची सर्वांत जुनी पक्की हाडं म्हणजे कॅनडातल्या जॉगिन्सचा हायलोनोमस, सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा, पोकळ झाडांच्या बुंध्यांत गाडला गेलेला. म्हणजे ठशांनी ही शाखा साडेतीन-चार कोटी वर्षांनी मागे नेली. आणि ही शाखा इतकी जुनी असेल तर तिची आणि उभयचरांची फाटाफूट त्याहून आधी, थेट डेव्होनियन काळात व्हायला हवी. त्या वेळी आपल्या समजुतीप्रमाणे अकँथोस्टेगा आठ बोटांचे पाय पाण्यात हलवत होता!

त्या लादीवर पावसाच्या थेंबांचे बारीक खळगेही आहेत. प्राण्यांच्या काही पावलांनी ते थेंब चिरडले आहेत. म्हणजे निदान ते प्राणी तरी सर येऊन गेल्यावर गेले. जमीन उघडी होती, पाण्याखाली नव्हती, हे त्यातून आपोआप सिद्ध झालं. कुठलं हाड इतकं सांगेल?

---

तिरकस

येऊ द्या माझी हरकत. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या मागच्या पायाच्या तीन बोटांना काळी, टोकदार, शिंगासारखी नखं असतात. तो उभयचर आहे. मग नखाचा ओरखडा दिसला की सरीसृपच, हे कसं? नामशेष झालेल्या कुठल्यातरी उभयचर शाखेनेही नखं कमावली असतील.

---

रानवेडा

तिरकस, ओरखड्याचं एक सांगतो. मऊ बोटाचं टोक चिखलातून ओढलं गेलं तरी बारीक रेघ पडते, आणि ती नवशिक्याला नखासारखी वाटते. फरक खोलीत असतो: नख सुरुवातीलाच खोल रुततं, ओढलेलं बोट उथळ, निमुळती रेघ सोडतं. लादी मी बघितलेली नाही, पण तपासायची तर ही जागा.

---

मागकाढ्या

रानवेडांचा मुद्दा अगदी नेमका. झेनोपसची हरकतही खोडून काढण्यासारखी नाही. नखं एकापेक्षा जास्त वेळा उत्क्रांत होऊ शकतात. लेखक नुसत्या नखावर थांबलेले नाहीत, पायाची एकूण घडण, बोटांची तुलनात्मक लांबीही त्यांनी धरली आहे. तरी आज तो दावा एका लादीवर उभा आहे. त्याच थरांतून आणखी लाद्या निघाल्या तर पाय घट्ट होतील.

---

चौकस

मग शेवटचं विचारतो. झाखेउम्येला चाललं कोण? इक्थिओस्टेगासारखा कोणी?

---

मागकाढ्या

तो नक्कीच नाही, आणि नुसता वयामुळे नव्हे. स्टेफनी पिअर्स, जेनी क्लॅक आणि जॉन हचिन्सन यांनी २०१२ मध्ये इक्थिओस्टेगाच्या सांध्यांचं त्रिमितीय प्रारूप केलं. त्याचा मागचा पाय पुरेसा वळतच नव्हता, तळवा खाली टेकवून टाकणं त्याला जमत नव्हतं. चारही पाय आळीपाळीने टाकत चालणं त्याच्या नशिबी नव्हतं. झाखेउम्येच्या रांगा त्याच्या घडणीच्या प्राण्याच्या नाहीत.

मग दोन शक्यता राहतात. एक, इक्थिओस्टेगापेक्षा जुना असूनही चालण्यात त्याच्या पुढे गेलेला, ज्याचं हाड अजून मिळालेलं नाही असा प्राणी. दुसरी, उथळ पाण्यात, पाण्याने निम्मं वजन उचललेलं असताना चालणारा कोणी. शेपूट-पोटाची फरफट नसण्याचं दुसऱ्या शक्यतेत सोपं स्पष्टीकरण मिळतं.

---

तिरकस

तिसरी माझी. क्वेबेकमधल्या मिग्वाशाचा एल्पिस्टोस्टेगी. २०२० मध्ये त्याच्या १.५७ मीटर लांबीच्या संपूर्ण जीवाश्माचं सीटी स्कॅन प्रसिद्ध झालं आणि पराच्या आत बोटांची हाडं निघाली. बोटं असलेला मासा! तसा एखादा जुना भाऊबंद झाखेउम्येला का नसेल?

---

गाळोबा

असेल की. पण एल्पिस्टोस्टेगीची बोटं खवल्यांच्या आणि पराच्या काड्यांच्या आवरणात होती. तो पर चिखलात टेकवला तर ठसा पराचा पडेल, सुट्या बोटांचा नाही. म्हणून सगळा वाद फिरून त्या सुट्या ठशांतल्या बोटांवरच येतो: ती बोटं खरी, की थराखाली उमटलेल्या सावलीतल्या भेगा? मी असतो तर तिथल्या एखाद्या मोठ्या ठशाचा आडवा छेद घेऊन आतले थर कसे दबलेत ते आधी बघितलं असतं. नमुना कापायला कोणी परवानगी देईल का, हा प्रश्न वेगळा.